मधलं माणूस

केशरबाई गेल्या तेव्हा त्या घरात बोलायला कोणी उरलं नाही असं नव्हतं. बद्रीनाथ सर होते, त्यांची सून शिवकन्या होती, मुलगा अंगद होता. पण अंगद जनावरं घेऊन छावणीत राहायला गेलेला, आणि सून सासऱ्याशी बोलत नव्हती. भांडण नव्हतं, रीत होती. पाटोदा तालुक्यातल्या त्या गावात सून सासऱ्यापुढे पदर घेऊन येते, ताट ठेवते, पाणी ठेवते, पण तोंडातोंडी बोलत नाही. बोलायचं असलं तर मध्ये सासू लागते.

"आत्याबाई, मामांना विचारा, कालवण वाढू का?"

मामा दोन हातांवर बसलेले. त्यांना सगळं ऐकू आलेलं. तरी केशरबाई वळून म्हणायच्या, "कालवण वाढू का म्हणती." मग सर केशरबाईंना म्हणायचे, "थोडं." आणि केशरबाई सुनेला म्हणायच्या, "थोडं वाढ."

लग्न होऊन सून घरात आल्यापासून हे असंच चाललं आणि कुणाचं काही अडलं नाही. खरं म्हणजे केशरबाई स्वतःसुद्धा नवऱ्याला सरळ काही विचारत नसत. चुलीकडे तोंड करून म्हणायच्या, "माणसं बाजाराला जाणार हायत का न्हाई, कुणाला ठावं." सरांनी शाळेत तीस-बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पोरांकडून हजार प्रश्न विचारून घेतले. पण घरात प्रश्न असा आडूनच यायचा, आणि त्यांना त्याची सवय होती.

पौषात केशरबाईंना कावीळ झाली, ती पोटात उतरली आणि माघ संपायच्या आत बाई गेली.

त्यानंतर त्या घरात फार अवघड झालं. सासरा ओसरीवर, सून आत. चहा झाला की शिवकन्या कपबशी वाजवायची. सरांना बाहेर जायचं असलं की ते भिंतीला सांगायचे, "पाटोद्याला जाऊन येतो." घरात लहान लेकरू असतं तर त्याच्या तोंडून बोलता आलं असतं. तेही नव्हतं. कधी कधी दिवसभरात त्या घरात माणसाचा आवाज म्हणून निघायचा तो सरांच्या खोकल्याचा.

समोरच्या छबुबाईने हे पंधरा दिवस पाहिलं. छबुबाई म्हातारी, नवरा जाऊन जमाना झालेला, जीभ तिखट. ती एक दिवस सूप घेऊन आली आणि मधल्या दाराच्या उंबऱ्यावर, जिथं केशरबाई बसायच्या तिथंच, ऐसपैस बसली.

"मास्तर, भिताडाशी बोलून भिताड पडंल एखांद्या दिशी. माझ्याशी बोला. आन् तू गं पोरी, तू बी."

तेव्हापासून छबुबाई त्या घरातलं मधलं माणूस झाली.

सलग दुसरं वर्ष पावसाने दगा दिला होता. विहिरी फाल्गुनातच खडखडीत. टँकर एक दिवसाआड. अंगदच्या तीन गाई आणि एक म्हैस छावणीत, दूध निम्म्यावर. चैत्र लागता लागता अंगद एका दुपारी डबा न्यायला आला तो ओसरीवर टेकला.

"आबा, एक बोलायचंय. असंच राहिलं तर मिरगाच्या आधी जनावरं विकतो आन् आमी दोघं चाकणला जातो. कंपनीत लावतो म्हणलाय एक जण."

सरांनी मधल्या दाराकडे पाहिलं. केशरबाई जाऊन दोन महिने झाले नव्हते. मुलगा-सून गेले तर या घरात ओसरी आणि ते, एवढंच राहणार होतं.

"आन् दुसरं एक हाय," अंगद म्हणाला. "दूध संघात बाईची जागा निघालीय. बाहेरदेशातली कुठली संस्था आपल्या गावच्या दूध सोसायट्यांना मदत करणार हाय म्हणं. त्यांची माणसं येणार, गावोगाव फिरणार. त्यांना मराठी येत न्हाई, आपल्या लोकांना इंग्रजी येत न्हाई. मधी बोलणारी बाई पाहिजे. पगार बरा हाय. ही बी. ए. हाय, वडवणीच्या कॉलेजात झालेली. फक्त इंग्रजी कच्चं हाय. तुमी शिकवा."

"तिची इच्छा हाय का?"

अंगद हसला. "तिनंच तर सांगितलंय मला विचारायला. जागा मिळाली तर जनावरं विकायची न्हाईत, चाकण न्हाई. मी छावणीत, ती संघात. तुमी हितं. घर चालू राहतं."

आत शिवकन्या दाराशी उभी असावी. बांगड्यांचा आवाज आला आणि थांबला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी लागली. सर ओसरीवर, गल्लीकडे तोंड करून. शिवकन्या मधल्या दाराच्या आत, पाटी मांडीवर घेऊन. उंबऱ्यावर छबुबाई, ज्वारी निवडत.

"छबुबाई, तिला सांगा, आज काळ घेऊ."

"काळ? आवं मास्तर, काळ तर दोन सालापास्नं दारात बसलाय. आनिक कुठून घेता?"

"क्रियापदाचा काळ. भूतकाळ, वर्तमानकाळ."

"मंग ठीक हाय. घ्या."

आतून शिवकन्याचा आवाज आला, हळू. "मावशी, मामांना विचारा, हॅड कधी लावायचं? टँकर केम म्हणतो, तसंच बाकीचं साध्या भूतकाळात म्हटलं तर काय बिघडतं?"

छबुबाईने सूप खाली ठेवलं. "ती म्हणती, ह्याड कवा लावायचं, न्हाई लावलं तर काय बिघडतं?"

"तिला सांगा, एकच गोष्ट घडली असली तर साधा भूतकाळ. पण दोन घडल्या आणि त्यातली एक आधीची असली, तर आधीचीला हॅड. टँकर आला, पण त्याच्या आधी बायांनी लाईन लावलेली होती. द टँकर केम. पण बायांचं? द विमेन हॅड फॉर्म्ड अ लाईन."

"आमी तर पहाटंच लाईन लावलती," छबुबाई म्हणाली. "टँकर आला न्याहारीला."

सर एकदम गल्लीकडून आत वळले. "तेच ते! लावलती. तिला सांगा, छबुबाईनं आत्ता हॅड लावलं."

"मी? मी कशाला लावू बाई? मी फकस्त लाईन लावलती."

"आपल्याकडं गेलतो, आलतो, लावलती म्हणतात ना, पुस्तकात गेलो होतो, आलो होतो, तसंच ते. सुनेला सांगा, हॅडचा घोळ झाला की मनात म्हणून बघ. टँकर आला तवा लाईन लावलती. जिथं लावलती बसतंय तिथं हॅड."

आत पाटीवर पेन्सिल वाजायला लागली. थोड्या वेळाने पाटी उंबऱ्याच्या बाहेर सरकली. छबुबाईने ती सरांकडे ढकलली. पाच वाक्यं होती, पाचही बरोबर. सरांनी शेवटच्या वाक्याखाली नुसती एक रेघ मारली आणि पाटी परत ढकलली. रेघ बरी की वाईट, हे छबुबाईलाच विचारावं लागलं. छबुबाईने सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आत सांगितलं, "बरी हाय."

मग आलं आडून विचारणं. संघाच्या कामात तेच जास्त लागणार होतं. साहेब एक विचारणार, ते बाईने दुसऱ्याला सांगायचं; दुसरा उत्तर देणार, ते परत साहेबाला.

"तिला सांगा, साहेबानं सरळ विचारलं, हाऊ मेनी काउज डू यू हॅव? आता हे ती आपल्या तोंडानं सांगताना काय म्हणंल? ही वॉन्ट्स टू नो हाऊ मेनी काउज यू हॅव. डू गळाला. प्रश्नाचं शेपूट गेलं, वाक्य सरळ झालं. आणि अनोळखी माणसाला काही विचारायचं तर इंग्रज डायरेक्ट विचारत न्हाई. व्हेअर इज द डेअरी असं म्हणलं तर अंगावर गेल्यासारखं होतंय. तो म्हणतो, कुड यू टेल मी व्हेअर द डेअरी इज? डेअरी कुठं हाय ते सांगता का."

छबुबाईने हातातला खडा फेकला. "मंजी आडूनच विचारतो की."

"आडूनच."

"आन् ह्येच्यासाठी पुस्तक लागतंय? आपल्या सुना जल्मभर काय करत्यात? इंग्रजाला बी सासरा असतो व्हय वो मास्तर?"

सर हसले. केशरबाई गेल्यानंतर पहिल्यांदा हसले. आतूनही हसू आलं, पदराआडचं, दबलेलं. तेवढा एक क्षण त्या घरात तीन माणसं एकदम हसली, आणि सरांना वाटलं की केशरच दारात बसली आहे. ते लगेच हसायचे थांबले आणि म्हणाले, "पुढचं वाक्य लिहायला सांगा."

शिकवणी चांगली चालली. सून हुशार होती, हे सरांना पाटीवरून कळलं. आपल्या शाळेत असती तर पहिल्या बाकावर बसवली असती, असं त्यांना वाटायचं. पण तिचा चेहरा वाक्य लिहिताना कसा होतो, चुकलं की ओठ चावते की काय करते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिचं इंग्रजी त्यांनी पाटीवर वाचलं होतं. कानाने ऐकलं ते थोडं, दाराआडून, छबुबाईला उद्देशून.

वैशाखात बीडला लेखी झाली. आठवड्याने फोन आला. शिवकन्या लेखीत पहिली आली होती. अंगद छावणीतून पेढे घेऊन आला. छबुबाईने एक पेढा खाल्ला, एक पदराला बांधला आणि म्हणाली, "निम्मी परीक्षा माझी हाय, इसरू नगा."

राहिली तोंडी. त्या दिवशी दुपारी छबुबाई उंबऱ्यावर होती, आणि आत शिवकन्या पाटी पुसत होती. मग म्हणाली, "मावशी, मामांना विचारा... तोंडीच्या आधी एकदा समोर बसून बोलून बघायचं का? त्यांनी इंग्रजीत विचारायचं, मी उत्तर द्यायचं. मधी कुणी न्हाई."

छबुबाईने ते जसंच्या तसं सांगितलं नाही. ती नुसती सरांकडे पाहत राहिली. त्यांनी ऐकलं आहे हे तिला माहीत होतं.

सर गल्लीकडे पाहत होते. गल्लीतून कोणी बाई हंडा घेऊन चालली होती. सुनेला समोर बसवून बोलायचं म्हणजे लोक काय म्हणतील, हे एक झालं. पण तेवढंच नव्हतं. उंबऱ्यावर छबुबाई बसली होती तोवर ती जागा केशरची होती. छबुबाई तिथं बदली बसली होती, एवढंच. सासरा आणि सून समोरासमोर बोलायला लागले, तर त्या जागेची गरज उरत नव्हती. हे सरांनी कुणाला सांगितलं नसतं. स्वतःलाही त्यांनी ते नीट सांगितलं नाही.

"तिला सांगा," ते म्हणाले, "लेखीत पहिली आलीय. तोंडीचं एवढं काय न्हाई. सगळं येतंय तिला."

"मास्तर, पोरगी काय म्हणती ते..."

"सांगा तिला."

आत पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला.

पण सर गप्प बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पाटोद्याला गेले, चुलतभावाकडे. सुंदरराव सरांपेक्षा मोठे, भावकीतले वडीलधारे आणि दूध संघाचे संचालक. बैठकीत लोडाला टेकून ते तालुक्याचा कारभार पाहत.

"दादा, सुनेची तोंडी हाय संघात."

"ठावं हाय. लेखीत पयली आली म्हणं. घराण्याचं नाव केलं पोरीनं."

"तिथं सगळी परकी माणसं असणार. पोर कधी घराबाहेर बोलली न्हाई. घाबरंल. आपलं कुणी असलं तर..."

"एवढंच व्हय? मी बसतो की तोंडीला. संचालक म्हणून मला बसताच येतंय. वशिला लावाय न्हाई बरं का बद्री, ते आजकाल जमत न्हाई. पण आपलं माणूस समोर असलं की धीर राहतो."

"तेवढंच पाहिजे," सर म्हणाले. त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. येताना त्यांनी बाजारातून टरबूज घेतलं.

संध्याकाळी त्यांनी छबुबाईला सांगितलं, "तिला सांगा, काळजी करू नको. तोंडीला सुंदररावदादा स्वतः बसणार हायत."

छबुबाई वळली. "थोरला सासरा बसणार हाय म्हणं तुझा."

आत काहीच नाही. बांगडीसुद्धा वाजली नाही.

"मास्तर, पोरगी काय बोलंना."

"आनंद झाला असंल."

"आनंद झाल्यावर बी माणूस हूं तर म्हणतं," छबुबाई म्हणाली आणि सूप उचलून घरी गेली.

तोंडीच्या दिवशी सासरा-सून सकाळच्या एसटीने बीडला निघाले. ती पुढे बायकांच्या बाकावर, सर मागे. बीडच्या स्टँडवरून रिक्षा केली तर ती आत बसली आणि सर रिक्षावाल्याशेजारी. संघाच्या कार्यालयात बऱ्याच मुली आल्या होत्या. कुणी बापाबरोबर, कुणी एकट्या. एक ड्रेस घातलेली मुलगी व्हरांड्यात फेऱ्या मारत मोठ्याने इंग्रजी म्हणत होती आणि चुकत होती. हॅडच्या जागी हॅव्ह म्हणत होती. सरांनी ते ऐकलं आणि त्यांना बरं वाटलं. आपल्या सुनेचं हे चुकत नाही.

शिवकन्याचं नाव पुकारलं. तिने पदर सारखा केला आणि आत गेली.

ती फार लवकर बाहेर आली. आधीच्या मुलीला आत जितका वेळ लागला होता त्याच्या निम्माही नाही. मान खाली. सरांसमोरून गेली, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन खांबाजवळ उभी राहिली. सरांना विचारायचं होतं, काय झालं. ते उठलेही. पण विचारायचं कुणाच्या तोंडून, हे त्यांना कळेना. इतक्या माणसांत मधलं माणूस एकही नव्हतं. ते परत बाकावर बसले.

चहाच्या सुट्टीला सुंदरराव बाहेर आले. चेहरा प्रसन्न.

"बद्री, सून लई मर्यादेची हाय रे तुझी!"

"काय झालं दादा?"

"अरे ती पुण्याची बाई हाय तिथं, संस्थेची. तिनं काय काढलं, तर म्हणली, हे संचालक बसलेत ना, यांना शेतकरी समजा. मी इंग्रजीत विचारते, तुम्ही यांना मराठीत विचारा, आणि ते काय बोलतील ते मला इंग्रजीत सांगा. आता सांग. सून मला विचारणार? थोरल्या सासऱ्याला? तोंडावर?"

सरांनी खांबाजवळ उभ्या शिवकन्याकडे पाहिलं.

"तिनं मान वर केली न्हाई," सुंदरराव म्हणाले. "बाई दोनदा म्हणली, विचारा, विचारा. पोरीनं पदर पुढं ओढला आन् उभी राह्यली. तोंडातून शब्द काढला न्हाई. मी म्हणलं, बाई, आमच्यात अशी रीत न्हाई. त्या बाईला काय कळतंय? बाकीच्या पोरी बघ, फडाफडा बोलत्यात, मला काका म्हणून म्हशी किती ते इचारत्यात. आपल्या सुनेनं वळण सोडलं न्हाई. केशरबाईचं वळण."

"दादा, मग तुमी उठून बाहेर कावून आला न्हाई?"

"मी कावून उठू?" सुंदररावांना खरंच आश्चर्य वाटलं. "मी संचालक हाय. आन् तूच म्हणलास की, बसा म्हणून."

ते चहाला गेले. सर दार लोटून आत गेले. टेबलामागे पुण्याच्या बाई कागद आवरत होत्या. चष्मा, पांढरे व्हायला लागलेले केस, शांत चेहरा. सर आयुष्यभर ज्या भाषेत बोलायला शिकवत आले, त्या भाषेत बोलले.

"मॅडम, कुड यू टेल मी इफ शी कॅन बी कॉल्ड अगेन?"

बाईंनी मान वर केली आणि मराठीत उत्तर दिलं. "आपण त्यांचे कोण?"

"सासरा. रिटायर्ड इंग्लिश टीचर. तिला सगळं येतं. तुम्ही लेखी पाहिलं असेल. मी विनंती करतो, सुंदरराव नसताना एकदा घ्या. ते तिचे थोरले सासरे आहेत."

"ते त्यांनी मला सांगितलं," बाई म्हणाल्या. "मला वाईट वाटलं, सर. तिचं लेखी सगळ्यांत चांगलं आहे. पण हे काम बोलायचं आहे. ती गावात जाईल तिथं सोसायटीचा चेअरमन कोणाचा तरी सासराच असेल, कोणाचा तरी काका असेल. तिला त्यांना विचारावं लागेल, पुन्हा विचारावं लागेल, नाही सांगितलं तर तिसऱ्यांदा. एका सुंदररावांना उठवलं तरी गावोगावी तसेच बसलेले असणार ना?"

सर टेबलाच्या कडेला हात टेकून उभे राहिले.

"तुम्ही स्वतः इंग्रजीचे शिक्षक," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, त्या नुसतं जाणून घेत होत्या. "घरी तिच्याशी बोलून सराव घेतला होता का?"

प्रश्न सरळ होता. तो कुणाकडून फिरून आला नव्हता, आणि फिरवून परत पाठवायला मध्ये कुणी नव्हतं.

"नाही," सर म्हणाले.

परतीची एसटी फाट्यावर थांबली तेव्हा ऊन उतरलं होतं. फाट्यापासून गाव दोनेक किलोमीटर, दोन्हीकडे काळं, भेगाळलेलं रान. शिवकन्या पुढे चालत होती, सर मागे. रस्त्यावर दुसरं कोणी नव्हतं. निम्मा रस्ता गेला आणि सर थांबले.

"शिवकन्या."

तिला त्या नावाने त्यांनी कधी हाक मारली नव्हती. ती जागच्या जागी उभी राहिली, वळली नाही.

"तिथं तुला बोलता आलं न्हाई, ती चूक तुझी न्हाई. माझी हाय. मी दादाला बसवलं. मी..." पुढचं त्यांना जमेना. पोरांपुढे तासन् तास बोललेला माणूस, त्याला एका पाठमोऱ्या मुलीपुढे वाक्य पुरं करता येईना.

ती तशीच पाठमोरी म्हणाली, "मामा, मला येत होतं."

मग तिनंच पुढचं सांगितलं.

"त्या बाईंनी विचारलं तेव्हा वाक्य तोंडात तयार होतं. मराठीतलं बी, इंग्रजीतलं बी. थोरल्या मामांकडं बघितलं आन् तोंड उघडंना. मी लई प्रयत्न केला. उघडलंच न्हाई." मग ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, एकदा समोर बसून बोलायचं का म्हणून. तुमच्याशी बोलले असते तर त्यांच्याशी बी बोलले असते. तुमी तर माझे सख्खे सासरे."

"हो. विचारलंतंस."

आता ती म्हणेल, जाऊ द्या मामा, तुमचं काही चुकलं नाही, असं सरांना वाटलं. ती तसं म्हणाली नाही. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता.

"अंगदला मी सांगू का?" त्यांनी विचारलं.

"नगं. मी सांगते." आणि ती चालू लागली.

जागा त्या ड्रेसवाल्या मुलीला मिळाली. सरांना तिच्याबद्दल राग आला नाही. हॅडच्या जागी हॅव्ह म्हणणारी ती मुलगी गावोगाव चुकत चुकत बोलत असेल, आणि तिचं काम होत असेल.

मिरगाच्या आधी अंगदने गाई विकल्या. म्हैस छबुबाईच्या पुतण्याने घेतली. अंगद म्हणाला होता, "आबा, तुमी बी चला चाकणला." सर म्हणाले, एका खोलीत तिघं कुठं मावणार. खरं कारण ते नव्हतं. केशर ज्या घरातून गेली ते घर बंद करून जाणं त्यांना जमणार नव्हतं.

निघायच्या दिवशी सर त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आले. फाट्यावर बरीच माणसं होती. गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या, टँकरवाला, सुंदररावांचा मधला मुलगा पाटोद्याला जायला उभा, पानटपरीवर पाच-सहा जण. एसटी लांबून दिसली तेव्हा शिवकन्या पिशवी खाली ठेवून सरांसमोर येऊन उभी राहिली. पदर होता, पण चेहरा दिसत होता. सरांनी तो एवढा जवळून पहिल्यांदा पाहिला. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"मामा, पीठ पत्र्याच्या डब्यात हाय, आठ दिवस पुरंल. डाळ वरच्या फळीवर. गॅस संपला तर नबीभाईला फोन करा, तो आणून लावून देतो. तुमचं बी. पी.चं औषध देवळीत ठेवलंय, सकाळी एकच गोळी घ्यायची. रात्री घेऊ नका. घ्याल ना?"

"घेईन," सर म्हणाले.

"टँकर आला की छबुमावशी हाक मारतील. तुमी हंडा उचलू नका, त्यांचा पुतण्या आणून देईल. मी सांगितलंय त्याला."

"बरं. तिथं पोचलीस की फोन कर."

"करते. तुमी उचला फक्त. वाजून वाजून बंद होतो तुमचा."

"उचलीन."

ती आणखीही बोलत राहिली. कोणत्या दिवशी गिरणी बंद असते, दाराची कडी कशी लागत नाही. सर एकेका गोष्टीला उत्तर देत गेले. एसटी येऊन थांबली, धूळ उडाली. टँकरवाला बिडी ओढत होता. म्हाताऱ्या आपापल्या गाठोड्यांजवळ बोलत होत्या. सुंदररावांचा मुलगा मोबाइलमध्ये पाहत होता. सून सासऱ्याशी भर रस्त्यात समोरासमोर बोलत होती, आणि फाट्यावरच्या एकाही माणसाने मान वळवून पाहिलं नाही.